'होख्मा', 'हिकमत' व 'ज्ञान' : इब्री शास्त्रांतील एका शब्दाचें मराठी रूपांतर

मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत इब्री शास्त्राच्या, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्यास जुना करार म्हणतात त्या ग्रंथसमूहाच्या, भाषांतरांची नोंद बहुधा धर्मप्रसाराच्या प्रकरणांत होते आणि तेथेंच संपते. बखरी, महजर, वतनाचे कागद व संतांच्या पोथ्या जपणाऱ्या आपल्या वाचकांपैकीं कित्येकांच्या संग्रहांत हे छापील ग्रंथ असतील. परंतु भाषेचा पुरावा म्हणून ते क्वचितच उघडले जातात. वास्तविक एका दूरच्या सेमिटिक भाषेंतील विचार मराठींत आणतांना कोणता शब्द घेतला, कोणता टाकला, आणि त्या निवडीचा परिणाम काय झाला, हा इतिहास एखाद्या सनदेइतकाच तपासण्याजोगा आहे.

प्रस्तुत लेखांत अशा एकाच शब्दाची चिकित्सा करावयाची आहे. तो शब्द 'होख्मा'. मराठी पवित्र शास्त्रांत नीतिसूत्रें व ईयोब या ग्रंथांमध्यें त्यास 'ज्ञान' हा प्रतिशब्द मिळाला व तोच रूढ झाला. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या प्रतिशब्दामुळें इब्री ग्रंथांतील शोधाचा आरंभ मराठी वाचकास दिसेनासा झाला. आणि आरंभ न दिसल्यामुळें त्या शोधाच्या शेवटाविषयींही त्याचा गैरसमज झाला.

१. भाषांतरांची परंपरा

इब्री कथा मराठींत विस्तारानें आल्या त्या प्रथम ओवींतून. फादर थॉमस स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण सन १६१६ मध्यें गोव्यांतील रायतूर येथें छापलें गेलें. त्याच्या दोन पुराणांपैकीं पहिल्यांत जुन्या कराराचें कथानक आहे. सतराव्या शतकांत त्याच्या १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो हस्तलिखितांमुळें. सन १९०७ मध्यें साल्ढाणा यांनीं मंगळूर येथें तो रोमन लिपींत छापला, व पुढें सन १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं देवनागरींत आणिला. लंडन येथें मार्सडेन संग्रहांत असलेली देवनागरी प्रत संग्राहकांस परिचित आहेच. परंतु क्रिस्तपुराण कथेच्या ओघांत चालतें, आणि कथेंत एखादा शब्द थोडा इकडे-तिकडे झाला तरी निभावून जातें. नीतिसूत्रें, ईयोब व उपदेशक या तीन ग्रंथांचा गाभा विचाराचा आहे. तेथें प्रत्येक शब्दाशीं झुंजावें लागतें.

ही झुंज एकोणिसाव्या शतकांत झाली. बंगालमधील श्रीरामपूर येथें विल्यम केरी यांनीं वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें मराठी भाषांतरास हात घातला. त्यांचा नवा करार सन १८११ चा. त्याच्या आदल्याच वर्षीं, सन १८१० मध्यें, त्यांचा मराठी कोश मोडी ठशांत छापून निघाला होता. पुढें मुंबईस अमेरिकन मिशनऱ्यांनीं तेंच काम नव्यानें केलें. बाबा पदमनजींसारख्या मराठी लेखकाचा हातही नंतरच्या शुद्धीकरणास लागला. सोलापूर हें त्याच अमेरिकन मराठी मिशनचें एक प्रमुख ठाणें असल्यामुळें या शहरास हीं भाषांतरें परकीं नाहींत.

दुसरीकडे कोंकणांत ज्यांचें धर्मशास्त्र मूळचेंच इब्री, असे मराठी बोलणारे लोक होते. तेलाचा घाणा चालविणारे व शनिवारीं काम न करणारे म्हणून 'शनिवार तेली' या नांवानें ओळखले गेलेले हे बेने इस्राएल होत. त्यांच्यासाठीं जॉन विल्सन यांनीं सन १८३२ मध्यें इब्री व्याकरण मराठींत लिहिलें. त्यांची हगादा सन १८४६ मध्यें मुंबईस मराठी भाषांतरासह निघाली, व सन १८७४ ची पुण्याची सचित्र हगादा तर प्रसिद्धच आहे. जोसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनीं इब्री प्रार्थनांचीं मराठी भाषांतरें करून हें काम पुढें नेलें.

या परंपरेच्या अखेरीस पंडिता रमाबाई येतात. सन १८७८ मध्यें कलकत्त्यास ज्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या, त्यांनींच उतारवयांत इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचें नवें मराठी भाषांतर केलें. पुणें-सोलापूर लोहमार्गावरील केडगांव येथें, सन १९२२ मध्यें देहावसान होईपर्यंत, त्या या कामांत मग्न होत्या. अल्प शिकलेल्या स्त्रियांस कळेल अशी साधी मराठी वापरावी, संस्कृत दर्शनांतील पारिभाषिक शब्द टाळावे, हें त्यांचें धोरण होतें. संस्कृत न येणाऱ्यानें संस्कृत शब्द टाळले तर त्यांत विशेष कांहीं नाहीं. ज्यांस तें मुखोद्गत होतें त्यांनीं ते टाळावे, याचा अर्थ असा कीं त्या शब्दांच्या पोटांत काय भरलें आहे हें त्या ओळखून होत्या. 'ज्ञान' या शब्दाची परीक्षा त्याच दृष्टीनें केली पाहिजे.

२. होख्मा म्हणजे काय

हा शब्द इब्री शास्त्रांत सुमारे दीडशें वेळां येतो. त्याचा अर्थ शोधतांना आरंभ नीतिसूत्रांपासून न करितां निर्गम या ग्रंथापासून करावा. निवासमंडप उभारण्याचें काम निघालें तेव्हां बसालेल नांवाच्या कारागिरास देवानें होख्मानें भरलें, असें एकतिसाव्या अध्यायांत सांगितलें आहे. ती होख्मा कशासाठीं? सोनें, रुपें व तांबें घडविण्यासाठीं, रत्नें कापून कोंदणांत बसविण्यासाठीं, लांकूड कोरण्यासाठीं. पस्तिसाव्या अध्यायांत स्त्रिया येतात. ज्यांच्या हृदयांत होख्मा होती अशा स्त्रियांनीं निळें, जांभळें व किरमिजी सूत आपल्या हातांनीं काढलें, बकऱ्यांच्या केसांचेंही काढलें. त्याच अध्यायाच्या शेवटच्या वचनांत कोरणारा, कशिदा काढणारा व विणकर हे सर्व होख्माचे धनी म्हणून एका पंक्तीस बसविले आहेत.

सोलापुरांत खड्ड्याच्या मागावर बसलेला विणकर ज्यानें पाहिला आहे, त्यास याचा अर्थ फोडून सांगावयास नको. ताणा लावणें, फणींतून धागा ओढणें, धोटा नेमक्या वेळीं फेंकणें, यांत हाताचें जें शहाणपण असतें तें पुस्तकांतून येत नाहीं. इब्री भाषेंत त्या शहाणपणाचें नांव होख्मा हेंच आहे.

हा अर्थ निर्गमापुरताच आहे असेंही नाहीं. एकशें सातव्या स्तोत्रांत वादळांत सांपडलेल्या खलाशांची होख्मा गिळून जाते, म्हणजे त्यांचें नौकानयनाचें कसब कामास येत नाहीं. यिर्मयाच्या नवव्या अध्यायांत शोक करण्यांत निष्णात अशा स्त्रियांस याच धातूचें विशेषण आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथांत तकोवा येथील स्त्री राजापुढें युक्तीनें बोलते, व आबेल नगराची स्त्री वेढा उठविते. दोघीही 'हखामा' म्हणजे शहाण्या. त्याच ग्रंथाच्या तेराव्या अध्यायांत दुष्ट मसलत देणारा योनादाब हाही 'हाखाम' आहे. दावीद मरणसमयीं शलमोनास यवाबाचा निकाल तुझ्या होख्मानें लाव असें सुचवितो, तेथें तर ती निव्वळ राजकारणी चतुराई होय. सारांश, होख्मा ही हातांत, जिभेंत व मसलतींत प्रथम राहते. ती चांगल्याच्या हातीं असते, तशी वाईटाच्याही.

ही गोष्ट केवळ इब्री भाषेचीच नव्हे. इब्री शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरांत होख्माबद्दल 'सोफिया' हा शब्द योजिला आहे. पुढें तत्त्वज्ञानाचें दैवत झालेला हा शब्द होमराच्या इलियडांत, पंधराव्या सर्गांत, जहाजाचें लांकूड तासणाऱ्या सुताराच्या कौशल्यास लाविला आहे.

३. अमरकोशाची साक्ष

आतां मराठी प्रतिशब्दाकडे वळूं. अमरकोशाच्या प्रथम कांडांतील धीवर्गांत मोक्षाकडे लागलेल्या बुद्धीस 'ज्ञान', आणि शिल्प व शास्त्र यांच्या ठिकाणच्या बुद्धीस 'विज्ञान' अशी स्पष्ट विभागणी आहे. ज्ञानेश्वर महाराजांनीं सातव्या अध्यायाच्या आरंभीं हाच भेद आणखी तीव्र केला. विचार जेथें मागें फिरतो व तर्क जेथें पोंचत नाहीं तें ज्ञान. प्रपंच तें विज्ञान. आणि प्रपंचासच सत्य मानणें तें अज्ञान. सातशें वर्षें मराठी श्रोता हें ऐकत आला आहे. त्याच्या कानांत 'ज्ञान' या शब्दाबरोबर मोक्ष येतो, आणि विणकराचा माग त्या शब्दाबाहेर राहतो.

अमराच्या कसोटीनें पाहतां बसालेलाची होख्मा ही 'विज्ञान' ठरते. भाषांतरकारांस हें जाणवलें असावें. कारण प्रचलित मराठी निर्गमांत कारागिरांच्या प्रसंगीं अक्कल, बुद्धि, कसब असे शब्द भोंवतीं जमतात, आणि नीतिसूत्रें व ईयोब यांत 'ज्ञान' राज्य करितें. प्रत्येक ठिकाणीं वेगळा विचार केला तर निवड वाईट नाहीं. परंतु इब्री वाचकास जो एकच धागा मागापासून स्वर्गापर्यंत अखंड दिसतो, तो मराठींत मध्येंच तुटतो. शिवाय इब्रींत 'दाअत' म्हणून निराळा शब्द जाणण्याच्या अर्थीं आहे. नीतिसूत्रांच्या पहिल्या अध्यायांत परमेश्वराचें भय हा दाअतचा आरंभ म्हटला आहे, व नवव्यांत होख्माचा. मराठींत दोन्ही ठिकाणीं 'ज्ञान' आल्यामुळें दोन निराळीं विधानें एकाच विधानाची पुनरुक्ति वाटतात.

४. ईयोबाचा अठ्ठाविसावा अध्याय

या तुटलेल्या धाग्यानें सर्वांत मोठें नुकसान झालें तें ईयोबाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाचें. सत्य शहाणपणाच्या शोधावर इब्री शास्त्रांत याहून मोठें काव्य नाहीं. अध्यायाचीं वचनें अठ्ठावीस. पहिल्या अकरा वचनांत खाणीचें वर्णन आहे. मनुष्य भूमींतून रुपें, सोनें, लोखंड व तांबें काढतो. वस्तीपासून दूर, दोरास लोंबकळत, अंधारास मर्यादा घालतो. डोंगर मुळापासून उलथतो. पाण्याचे झरे बांधतो. ससाण्याच्या डोळ्यास न दिसलेल्या वाटेनें तो जातो. या अकरा वचनांत होख्मा हा शब्द एकदांही नाहीं. मग बाराव्या वचनांत अकस्मात् प्रश्न येतो कीं होख्मा कोठें सांपडेल. आणि विसाव्या वचनांत तो पुन्हां येतो.

मराठी वाचक हें वाचतो तेव्हां खाण हा त्यास दृष्टांत वाटतो: खाणींत सोनें सांपडतें, ज्ञान मात्र सांपडत नाहीं. हा अर्थ खोटा नाहीं, पण अर्धा आहे. इब्री वाचकाच्या कानांत बसालेलाची होख्मा आहे. सोनें, रुपें, तांबें व रत्नें हाताळणें हीच ती होख्मा. म्हणजे खाणींत उतरलेला मनुष्य होख्माच्या शिखरावर उभा आहे, आणि नेमकें त्यालाच विचारलें जात आहे कीं ती कोठें आहे. सोळाव्या वचनांत ज्या रत्नांनीं तिचें मोल होत नाहीं असें म्हटलें, त्यांत 'शोहम' व 'सप्पीर' आहेत. निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत होख्मानें भरलेल्या कारागिरांनीं महायाजकाच्या वस्त्रांवर जीं रत्नें बसवावयाचीं, त्यांतही हींच दोन नांवें आहेत. कवीनें कारागिराच्या हातांतील रत्नच तराजूंत घातलें आणि तें हलकें ठरविलें. कसबास तुच्छ लेखणाऱ्याचा हा उद्गार नव्हे. जो कसबास होख्मा म्हणतो त्यानेंच तिची सीमा दाखविली, म्हणून त्यास वजन आहे.

आपल्याकडे याच्या जवळचे प्रसंग आहेत. कठोपनिषदांत नचिकेता हत्ती, घोडे व सोनें नाकारतो. बृहदारण्यकांत मैत्रेयी विचारते कीं धनानें भरलेल्या पृथ्वीनें मी अमर होईन काय. परंतु तेथें नाकारलें जातें तें धन. ईयोबांत धनाबरोबर धन काढणाऱ्या हाताचें व बुद्धीचें सामर्थ्यही अपुरें ठरतें. हा भेद सूक्ष्म आहे, आणि 'ज्ञान' या शब्दाखालीं तो पूर्णपणें झांकला जातो.

५. हिकमत

येथें आपल्या कागदपत्रांच्या अभ्यासकांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. होख्माचा सख्खा भाऊ मराठींत केव्हांच येऊन राहिला आहे. तो म्हणजे 'हिकमत'. इब्री व अरबी या भगिनी भाषा, आणि दोहोंत ह-क-म हा धातु समान आहे. अरबीतून फारसीच्या द्वारें आपल्याकडे हिकमत, हकीम, हाकीम, हुकूम, हुकुमत हें सर्व कुटुंब आलें. छत्रपति राजाराम महाराजांनीं रामचंद्रपंत अमात्यांस दिलेल्या 'हुकुमतपन्हा' या किताबांतही तोच धातु आहे. माधवराव पटवर्धनांच्या सन १९२५ च्या फार्शी-मराठी कोशापासून असे शब्द पाहण्याची सोय झाली आहे. इब्रीपर्यंत मात्र आपण सहसा जात नाहीं.

मराठींत हिकमत म्हणजे युक्ति, करामत, अडचणींतून वाट काढण्याची कला. हिकमती माणूस हा कामाचा खरा, पण त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी लोक थोडे थांबतात. तकोवाच्या स्त्रीची व योनादाबाची होख्मा अगदीं हीच. परंतु अरबींत जी हिकमत तत्त्वज्ञानापर्यंत चढते, ती मराठींत युक्तीच्या पायरीवर थांबली. वरची जागा 'ज्ञान' या शब्दानें आधींच धरली होती. एकाच इब्री शब्दाचें राज्य अशा रीतीनें मराठींत दोन शब्दांत वांटलें गेलें: खालचा मजला हिकमतीचा, वरचा ज्ञानाचा, आणि मध्यें जिना नाहीं. राज्यव्यवहारकोशाच्या काळापासून यावनी शब्दास संस्कृत पर्याय देण्याची आपली जी प्रवृत्ति, तीच पंडितांच्या साहाय्यानें भाषांतर करणाऱ्या मिशनऱ्यांत उतरली. तिचे लाभ मोठे आहेत. ही तिची एक किंमत होय.

६. भय

आतां शेवटच्या वचनाकडे येऊं. होख्मा जिवंतांच्या डोळ्यांस दिसत नाहीं, समुद्रास ठाऊक नाहीं, मृत्यूनें तिची केवळ वार्ता ऐकिली आहे. एक देवच तिचें स्थान जाणतो. आणि मनुष्यास त्यानें सांगितलें तें इतकेंच कीं प्रभूचें भय हीच होख्मा, व वाईटापासून दूर होणें हीच समज. हें वचन मागाहून जोडलें असावें असें कांहीं विद्वानांचें मत आहे. तरी आजचा पाठ हाच आहे व त्याचाच विचार करणें प्राप्त आहे.

येथें आमच्याकडील सुशिक्षित वाचक पुष्कळदां निराश होतो. ज्ञानाचा एवढा शोध, आणि अखेर हातीं काय, तर भय! आमचें ज्ञान अभय देतें, त्यांचें ज्ञान भयांत संपतें, अशी तुलना आपल्या चर्चांत ऐकूं येते. सन १८५७ मध्यें मुंबईच्या समुद्रकिनारीं विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी यांचे जे जाहीर वाद झाले, त्या काळापासून दोन्ही पक्षांस अशा तुलनांची गोडी लागलेली आहे. परंतु ही तुलना दोन विचारांची नव्हे. एका भाषांतरकाराच्या शब्दाची आहे. मोक्षज्ञानाच्या आसनावर होख्मा बसविली, म्हणून तिचा शेवट ठेंगणा दिसला. कसबापासून निघालेल्या शहाणपणाचा शेवट सदाचरणांत होतो, असें म्हटलें तर त्यांत ठेंगणें काय आहे?

शिवाय 'भय' हा शब्दही तपासून घ्यावा. तैत्तिरीय व कठ या दोन्ही उपनिषदांत वारा, सूर्य व अग्नि त्या एकाच्या भयानें आपापलें काम करितात असें सांगितलें आहे. तें भय म्हणजे घाबरणें नव्हे. मर्यादेंत राहणें होय. आणि आपल्या बोलींत 'पापभीरू' हा शब्द आहे. पापभीरू मनुष्यास आपण भित्रा म्हणत नाहीं, विश्वासाचा म्हणतों. प्रभूचें भय व वाईटापासून दूर होणें, या वचनाचीं दोन्ही अंगें त्या एका शब्दांत येतात. हिकमती मनुष्य पापभीरू झाला म्हणजे जें होतें, त्यास ईयोबाचा कवि खरी होख्मा म्हणतो.

७. उपाय

मग प्रतिशब्द कोणता घ्यावा? 'हिकमत' आज चालणार नाहीं. ती फार खालीं उतरली आहे. आमच्या मतें 'शहाणपण' हा शब्द सर्वांत जवळचा. शहाणा हा शब्द 'सज्ञान' यापासून आला, तेव्हां ज्ञान त्याच्या पोटांत आहेच. तो घरांत, बाजारांत व कारखान्यांत सारखाच चालतो; बाईस लागतो, म्हाताऱ्यास लागतो, आणि 'अति शहाणा' म्हणतांच योनादाबासही लागतो. त्याची उणीव एवढीच कीं तो घरगुती असल्यामुळें पोथींत बसावयास लाजतो. रमाबाईंच्या धोरणाच्या दृष्टीनें पाहिलें तर ही उणीव नसून गुणच ठरेल.

तथापि शंभराहून अधिक वर्षें उपासनेंत रुळलेला शब्द बदला असें बाहेरच्यानें सांगणें योग्य नव्हे, व तें आमचें कामही नव्हे. अभ्यासाच्या आवृत्तींत मात्र एक करितां येईल. जेथें जेथें मूळांत होख्मा आहे तेथें तेथें समासांत तशी खूण करावी, म्हणजे बसालेलाचा हातोडा, स्त्रियांची चाती व ईयोबाची खाण हीं एका धाग्यांत दिसतील. पाठभेद नोंदण्याची संवय असलेल्या आपल्या मंडळींस हें अवघड नाहीं. ज्यांच्या संग्रहांत एकोणिसाव्या शतकांतील मराठी पवित्र शास्त्राचे सुटे भाग, बेने इस्राएलांचीं प्रार्थनापुस्तकें किंवा मुक्ति छापखान्याचे ग्रंथ असतील, त्यांनीं यादी करितांना केवळ सन व छापखाना न लिहितां ईयोब अठ्ठावीस, नीतिसूत्रें आठ व निर्गम पस्तीस या तीन स्थळींचे शब्द उतरून घ्यावे. एवढ्यावरून कोणत्या आवृत्तीनें कोणाचें बोट धरलें हें कळूं लागेल.

शेवटीं एक सूक्ष्म गोष्ट. ईयोबाच्या त्या अध्यायांत तिसऱ्या वचनांत खाणकरी अंधारांतील दगड धुंडाळतो, तेथें 'हाकर' हा धातु आहे. धुंडाळणें, तपास करणें, आपण ज्यास संशोधन म्हणतों तें. सत्ताविसाव्या वचनांत देव वाऱ्याचें वजन व पाण्याचें माप ठरवितांना होख्मा पाहतो आणि तिचा तपास करितो, तेथेंही तोच धातु. पृथ्वीच्या पोटांतील दगडांचें संशोधन मनुष्याकडे, आणि होख्माचें संशोधन देवाकडे, अशी कवीची वांटणी आहे. जुने दगड व जुने कागद धुंडाळण्यांत ज्यांचें आयुष्य जातें, त्यांनीं ती ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.